पडद्यावरचे हसू, रंगमंचावरचे गाणे

अमेरिकन चित्रपटांची नीतिसंहिता ज्याने लिहिली, तो येशूसंघीय धर्मगुरू स्वतः नाटके आणि संगीतिका लिहिणारा व तरुणांकडून त्या उत्साहाने बसवून घेणारा मनुष्य होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फादर डॅनिअल लॉर्ड हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८८८ सालचा, शिकागोचा. कॅथलिक तरुणांमधील सोडॅलिटी चळवळीचे ते अमेरिकेतील अग्रणी होते. १९२९ साली मार्टिन क्विग्ली ह्या कॅथलिक प्रकाशकाच्या विनंतीवरून त्यांनी चित्रपटांसाठी आचारसंहितेचा मसुदा तयार केला आणि १९३० च्या मार्च महिन्यात हॉलिवूडच्या निर्मात्यांनी तो स्वीकारला. स्वीकारला खरा, पण पाळला नाही. म्हणून अमेरिकेतील बिशपांच्या पुढाकाराने 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना उभी राहिली. १९३४ साली लक्षावधी कॅथलिकांनी अनीतिमान चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली आणि त्याच वर्षापासून जोसेफ ब्रीन ह्या कॅथलिक गृहस्थाच्या हाताखाली संहितेची अंमलबजावणी काटेकोरपणे होऊ लागली. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र काढून ह्या दक्षतेची प्रशंसा केली.

हा इतिहास सांगताना बहुतेक लेखक कात्रीची गोष्ट सांगतात. ती खोटी नाही. संहितेत संकुचितपणाही होता. परंतु आम्हांला येथे निराळ्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. त्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेत जे उत्तम विनोदी चित्रपट निघाले, त्यांपैकी कित्येक पुढे गाण्यांचा साज लेवून रंगभूमीवर आले. पडद्यावरून रंगमंचावर येताना त्यांच्यातील हसू बदलले, आणि हसण्याच्या पोटात दडलेली नीतीही बदलली. ती कशी बदलली, हे पाहणे आपल्यासारख्या धर्मग्रामीय वाचकांना उपयोगाचे आहे. कारण आपल्याकडेही सणावाराला रंगमंच उभा राहतो, आणि त्यावर सर्वांत आधी मागणी असते ती विनोदाचीच.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊ शकतो. नटाच्या पापणीची हालचाल, ओठाचा थरकाप शेवटच्या बाकावरील प्रेक्षकालाही दिसतो. रंगभूमीला ही सोय नाही. तेथे मनातले उघड करायचे तर बोलावे लागते किंवा गावे लागते. मराठी प्रेक्षकाला हे सांगण्याची गरज नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पदाचे काम काय असते हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होते. मोलिएरचे फ्रेंच प्रहसन इंग्रजीमार्गे गोविंद बल्लाळ देवलांकडे आले आणि 'संशयकल्लोळ' झाले, तेव्हा त्यातील संशयाला आणि प्रेमाला पदांनीच कंठ दिला. चित्रपटात जे मूकपणे सुचवले जाते, ते संगीतिकेत कबूल करावे लागते. आमच्या मते ह्या रूपांतरांच्या इतिहासाची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे.

पहिले उदाहरण १९४० सालच्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर' ह्या चित्रपटाचे. मिक्लोश लास्लो ह्या हंगेरियन ज्यू नाटककाराच्या नाटकावरून, बर्लिनमध्ये जन्मलेल्या अर्न्स्ट लुबिच ह्या ज्यू दिग्दर्शकाने तो काढला. कथा बुडापेस्टमधील एका दुकानाची. दुकानातील क्रालिक आणि क्लारा ही दोघे नोकर माणसे एकमेकांचे तोंड पाहावयास राजी नसतात. आणि हीच दोघे, नावगाव न कळवता, टपालाने एकमेकांना अत्यंत कोमल पत्रे लिहीत असतात. दुकानाचा मालक मातुशेक आपल्या पत्नीच्या व्यभिचाराच्या संशयाने पोखरला आहे. तो निरपराध क्रालिकला कामावरून काढतो. खरा अपराधी दुसराच आहे हे कळल्यावर तो आत्महत्येचा प्रयत्न करतो आणि निरोप्याचे काम करणाऱ्या पोरामुळे वाचतो. शेवट नाताळच्या आदल्या संध्याकाळी आहे. दुकानात विक्रमी विक्री झालेली आहे, सर्व नोकर आपापल्या घरी निघाले आहेत, आणि मालकाला घरी वाट पाहणारे कोणी नाही. तो एकेकाला जेवणाचे सुचवून पाहतो. अखेर नव्यानेच कामाला लागलेल्या, शहरात एकट्या असलेल्या पोराला घेऊन तो जेवायला जातो. चित्रपटात ह्याविषयी कोणी उपदेश करीत नाही. नाताळचे मर्म मात्र त्या दोघांच्या पाठमोऱ्या चालण्यात आहे.

२३ एप्रिल १९६३ रोजी ह्याच कथेवर 'शी लव्ह्ज मी' ही संगीतिका न्यू यॉर्कमध्ये सुरू झाली. संगीत जेरी बॉक ह्यांचे, गीते शेल्डन हार्निक ह्यांची, संहिता जो मास्टरॉफ ह्यांची आणि दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्स ह्यांचे. बॉक आणि हार्निक ह्यांनी पुढच्याच वर्षी 'फिडलर ऑन द रूफ' दिले. 'शी लव्ह्ज मी'चे प्रयोग तीनशेच्या आसपास झाले आणि पैशाच्या हिशेबात ती तोट्यात गेली. पण तिचा एक प्रसंग कायमचा लक्षात राहणारा आहे. नायिका आजारी पडली आहे. जो तिला नकोसा, तो नायक तिच्यासाठी आइस्क्रीम घेऊन समाचाराला येतो. तो गेल्यावर ती आपल्या अज्ञात पत्रमित्राला पत्र लिहावयास बसते; परंतु लेखणी पुनःपुन्हा नुकत्याच येऊन गेलेल्या त्या माणसाकडेच वळते. तिच्या मनातील पूर्वग्रह गाता गाता वितळतो आणि प्रेक्षकांना तो वितळताना ऐकू येतो. कल्पनेतील थोर माणसावर प्रेम करणे सोपे असते. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या, रोज खटके उडणाऱ्या माणसावर प्रेम करणे अवघड असते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण सर्व जण तोंडपाठ म्हणतो. ती आज्ञा येथे एका दुकानातील मुलीच्या गाण्यात उतरली आहे. २०१६ साली ह्या संगीतिकेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ब्रॉडवेवरून थेट प्रक्षेपित झालेला पहिला प्रयोग होण्याचा मान तिला मिळाला.

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. बिली वाइल्डर ह्यांचा 'द अपार्टमेंट' १९६० साली आला, तेव्हा संहिता अजून लागू होती, परंतु तिची पकड सैल झाली होती. न्यू यॉर्कमधील एका विमा कंपनीतला बॅक्स्टर हा सामान्य कारकून बढतीच्या आशेने आपल्या खोलीची किल्ली वरिष्ठांना देत असतो, त्यांच्या चोरट्या भेटींसाठी. फ्रॅन ही कंपनीतील लिफ्ट चालवणारी मुलगी त्याला आवडते. पण मुख्य अधिकारी शेल्ड्रेक आपल्याच खोलीत ज्या मुलीला आणतो ती हीच, हे बॅक्स्टरला कळते ते एका फुटक्या आरशावरून. खोलीत विसरलेला छोटा आरसा त्याने परत केलेला असतो. तोच आरसा फ्रॅनच्या हातातून तो सहज घेतो, स्वतःला त्यात पाहतो, आणि त्याचा चेहरा तड्याने दुभंगलेला दिसतो. नाताळच्या आदल्या रात्री फ्रॅन त्याच खोलीत झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचे ज्यू डॉक्टर रात्रभर खटपट करून तिला वाचवतात आणि, हे सर्व बॅक्स्टरचेच कृत्य आहे अशा समजुतीने, 'माणूस हो' अशा अर्थाचे त्याला खडसावतात. पुढे शेल्ड्रेक पुन्हा किल्ली मागतो. ह्या वेळी बॅक्स्टर त्याच्या हाती ठेवतो ती खोलीची किल्ली नव्हे. बढतीबरोबर मिळालेली, अधिकाऱ्यांच्या प्रसाधनगृहाची. नोकरी जाते, माणूस उरतो.

ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. तो विनोदी म्हणून ओळखला जातो, आणि तो हसवतोही. पण पापाला हसण्यावारी नेणे आणि पापाच्या क्षुद्रतेला हसणे ह्यांत जो फरक आहे, तो ह्या चित्रपटाइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतो. वाइल्डर बॅक्स्टरच्या लाचारीला हसतात. फ्रॅनच्या दुःखाला एकदाही हसत नाहीत.

१ डिसेंबर १९६८ रोजी 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' ह्या नावाने ही कथा रंगभूमीवर आली. संहिता नील सायमन ह्यांची, गीते हॅल डेव्हिड ह्यांची, संगीत बर्ट बॅकरॅक ह्यांचे. १२८१ प्रयोग झाले. एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. बरोबर एक महिन्यापूर्वी, १ नोव्हेंबर १९६८ पासून, फादर लॉर्ड ह्यांची संहिता रद्द होऊन तिच्या जागी वयोगटानुसार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत सुरू झाली होती. कुंपण निघाले होते. आता नीतीचा भार कथेने स्वतःच उचलायचा होता.

तो तिने उचलला काय? उत्तर संमिश्र आहे. आरशातील तडा रंगमंचावर मागच्या रांगेला दिसू शकत नाही. म्हणून सायमन ह्यांनी नायकाला प्रेक्षकांशी थेट बोलायला लावले. तो घडलेले सांगतो, मध्येच आपल्या सोयीने घडलेले रचून सांगतो, आणि मग खरे काय झाले ते ओशाळून कबूल करतो. ही कबुली मोठी गोड आहे. प्रेक्षक हसतात आणि त्याला आपला म्हणतात. परंतु ज्या अपराधाची कबुली इतकी गोड असते, त्याची बोच कमी होते. आम्ही धर्मगुरू प्रायश्चित्ताच्या संस्काराला बसतो तेव्हा हा अनुभव आम्हांला नवा नसतो. आपल्या दोषांची चुरचुरीत हकीकत सांगणे आणि पश्चात्ताप होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मात्र संगीतिकेची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. मरणाच्या दारातून परतलेली फ्रॅन नायकासोबत आपल्या दुःखाकडे किंचित विनोदाने पाहत एक साधे गाणे गाते. जी काल जगायला तयार नव्हती, ती आज स्वतःच्या खुळेपणावर हसू शकते. निराशेतून माणूस उठतो आहे, ह्याची ही फार सुंदर खूण आहे.

तिसरे उदाहरण 'द प्रोड्युसर्स' ह्या १९६७ सालच्या चित्रपटाचे. मेल ब्रूक्स हे ज्यू लेखक-दिग्दर्शक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात त्यांनी युरोपात काम केलेले. मॅक्स ह्या बुडालेल्या नाट्यनिर्मात्याला लिओ ह्या भित्र्या हिशेबनिसाकडून एक क्लृप्ती कळते. नाटकात शंभर टक्क्यांहून कितीतरी अधिक भाग विकायचे. नाटक पहिल्याच रात्री आपटले, की कोणी हिशेब विचारीत नाही आणि उरलेले पैसे खिशात. म्हणून ते जगातील सर्वांत वाईट नाटक शोधतात, आणि त्यांना हिटलरचे गुणगान करणारे नाटक सापडते. प्रेक्षक प्रथम सुन्न होतात. मग ही थट्टा आहे असे समजून हसू लागतात, नाटक धो धो चालते आणि दोघे पकडले जातात. ह्या पटकथेने ब्रूक्स ह्यांना ऑस्कर मिळवून दिले.

हिटलरवर हसावे काय, हा प्रश्न कॅथलिकांनाही टाळता येत नाही. संत मॅक्सिमिलियन कोल्बे ह्यांना १४ ऑगस्ट १९४१ रोजी औशवित्झच्या छळछावणीत ठार मारण्यात आले. संत एडिथ स्टाइन ह्यांचा अंत पुढच्या वर्षी तेथेच झाला. साठ लक्ष ज्यूंच्या संहारावर विनोद होऊच शकत नाही. आणि ब्रूक्स तो करीतही नाहीत. त्यांचा विनोद बळी गेलेल्यांवर नसून सिंहासनावर बसलेल्याच्या डौलावर आहे. पवित्र मरियेचे स्तोत्र आपण संध्यावंदनेत म्हणतो. गर्विष्ठांचे पतन आणि दीनांची उन्नती हा त्याचा गाभा आहे. गर्विष्ठाला खाली ओढणारे हसू त्या परंपरेत बसते. दीनाला आणखी खाली ढकलणारे हसू बसत नाही.

१९ एप्रिल २००१ रोजी ब्रूक्स ह्यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ह्याच चित्रपटाची संगीतिका ब्रॉडवेवर आणली. गाणी त्यांनी स्वतः रचली, संहितेला टॉमस मीहान ह्यांचे साहाय्य घेतले, दिग्दर्शन सुझन स्ट्रोमन ह्यांनी केले. तिला बारा टोनी पुरस्कार मिळाले, हा विक्रम होता. २५०२ प्रयोग झाले. मात्र शेवट बदलला. चित्रपटात दोघेही पकडले जातात, लिओ न्यायालयात मित्राची बाजू मांडतो, दोघे तुरुंगात जातात आणि तेथे कैद्यांचे नाटक बसवून पुन्हा तोच घोटाळा सुरू करतात. संगीतिकेत लिओ पैसे आणि प्रेयसी घेऊन रिओला निसटलेला असतो. तो सुरक्षित असतो. तरी तो आपखुशीने परत येतो, न्यायालयात उभा राहतो आणि मॅक्सने आपल्या एकाकी आयुष्यात काय आणले ते गाऊन सांगतो. पुढे तुरुंगातील नाटकाच्या प्रभावाने गव्हर्नर दोघांना माफी देतात.

कोणता शेवट अधिक खरा? पापाच्या सवयीविषयी चित्रपट अधिक खरा आहे. शिक्षा झाली म्हणून लोभ जात नाही, हे तो हसत हसत पण निष्ठुरपणे सांगतो. मैत्रीविषयी संगीतिका अधिक खरी आहे. स्वतः मोकळा असताना मित्राच्या शिक्षेत वाटेकरी होण्यासाठी परतणारा लिओ आपल्याला हसवता हसवता गंभीर करतो. पण फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या पैशांचे काय, हे विचारण्याची सवड त्या आनंदी शेवटात उरत नाही. भरपाईवाचून मिळालेली क्षमा रंगमंचावर खपून जाते. आयुष्यात तिचा हिशेब राहतोच. जख्खय मोठ्या सायकामोर झाडावरून खाली उतरला तो प्रभूला जेवू घालण्यासाठी. पण जेवणाबरोबर चौपटीने परतफेड करण्याचे वचनही त्याने दिले होते, हे विसरता कामा नये.

शेवटचे उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. १९९२ साली आलेला 'सिस्टर ॲक्ट' हा चित्रपट आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी पाहिलेला असेल. गुंड प्रियकराने केलेला खून पाहिलेली डलोरिस ही क्लबमधील गायिका पोलिसांच्या सल्ल्याने सॅन फ्रान्सिस्कोतील एका मठात धर्मभगिनीच्या वेषात लपते आणि तेथील बेसूर गायनवृंदाला सुरात आणते. हूपी गोल्डबर्ग ह्यांनी डलोरिसची आणि मॅगी स्मिथ ह्यांनी मदर सुपिरिअरची भूमिका केली. ह्या कथेचे पूर्वज १९४४ सालच्या 'गोइंग माय वे' ह्या लिओ मॅकॅरी ह्यांच्या चित्रपटात सापडतात. त्यातही एक तरुण धर्मगुरू गल्लीतील उनाड पोरांचा गायनवृंद बांधतो.

ह्या कथेवरील संगीतिका २००६ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे प्रथम झाली, २००९ साली लंडनच्या पॅलेडियममध्ये आणि २० एप्रिल २०११ रोजी ब्रॉडवेवर आली. संगीत ॲलन मेंकेन ह्यांचे, गीते ग्लेन स्लेटर ह्यांची. चित्रपटात जुनी लोकप्रिय गाणी भक्तिगीतांसारखी वापरली होती. संगीतिकेत सर्व गाणी नवी रचली गेली आणि कथा सत्तरच्या दशकातील फिलाडेल्फियात हलवली गेली.

धर्मभगिनींच्या झग्याची ही थट्टा नव्हे काय, असा प्रश्न भाविक वाचक विचारतील. थट्टा आहे, आणि काही ठिकाणी ती उथळही आहे. गायनवृंद सुधारला की रिकामे चर्च भरते, हे गणित तर फारच सोपे झाले. परंतु रंगभूमीने येथे एक मोठे काम केले. चित्रपटातील मदर सुपिरिअर आपल्या चर्येने बोलते. संगीतिकेत तिला स्वतःची गाणी मिळाली, आणि त्यांतून ती थेट देवाशी बोलते, तक्रार करते, हट्ट धरते. त्यामुळे ती केवळ खडूस म्हातारी राहत नाही. आपल्या कळपाला जपू पाहणारी, बदलाला भ्यालेली एक मेंढपाळीण होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला दार उघडले, तेव्हा लॅटिन गीतांवर वाढलेल्या कित्येक ज्येष्ठांच्या मनात हीच कालवाकालव झाली होती. आज आपण मराठी मिस्सागीते सहज गातो. पण तो पालट कुणाच्या तरी हळहळीवरून गेला आहे, ह्याची आठवण ठेवणे बरे.

त्याच दिवशी परिषदेने संपर्कमाध्यमांविषयीचा 'इंतेर मिरीफिका' हा आदेशही प्रसृत केला. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी दिली. तीत चॅप्लिन ह्यांचा 'मॉडर्न टाइम्स' आणि 'द लॅव्हेंडर हिल मॉब' हे विनोदी चित्रपट होते. आणि १४ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी जगभरच्या शंभराहून अधिक विनोदवीरांना व्हॅटिकनमध्ये बोलावले. त्यांत हूपी गोल्डबर्गही होत्या. आपल्या प्रिय माणसांशी आपण जशी थट्टा करतो तसे देवाशीही हसता येते, मात्र श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरिबांच्या भावना दुखावू नयेत, अशा आशयाचे ते तेव्हा बोलले. १९३४ सालच्या शपथेपासून २०२४ च्या ह्या भेटीपर्यंत नव्वद वर्षे गेली. ख्रिस्तसभेने दक्षता सोडली असा ह्याचा अर्थ नाही; दक्षता कशाची घ्यायची हे तिला अधिक नीट कळले.

फादर लॉर्ड ह्यांना ते बहुधा पहिल्यापासून कळत होते, म्हणूनच नियम लिहून ते थांबले नाहीत. तरुणांच्या हाती त्यांनी गाणी आणि नाटके दिली. आपल्या धर्मग्रामांत पुढचे नाटक बसवणाऱ्या युवक-युवतींना आमचे एवढेच सांगणे आहे. तालमीत एखाद्या विनोदावर सर्व जण हसले, की तो कोणावर होता ते पाहावे. दारुड्यावर होता, की दारू पाजून पैसा करणाऱ्यावर? तोतऱ्या पोरावर, की त्याला चिडवणाऱ्यांवर? सावळ्या मुलीवर, की तिला नाकारणाऱ्या घरावर? उत्तर अडचणीचे आले तर विनोद गाळण्याची घाई करू नये. ज्याच्यावर आपण हसलो त्याला एक गाणे द्यावे आणि त्याचे मन त्याच्याच तोंडून ऐकावे. मग नाटक पुन्हा लिहावेसे वाटेल. वाटले तर लिहावे. सणाला अजून वेळ असतो.